आधी निघायचं, मग यायचं

एप्रिल लागला की रोडपालीच्या तलावाकडे ती पोरं दिसायला लागतात. एकाच्या खांद्यावर कॅमेऱ्याचा स्टँड, एकीच्या बगलेत थर्माकोलचा मोठा पांढरा तुकडा, आणि कोणीतरी एक डोळ्यांवर हात आडवा धरून आभाळाकडे बघत उभं. आमच्या सोसायटीतले लोक म्हणतात, रील काढतायत. रील काढणारी पोरं हसत असतात. ही हसत नाहीत. ह्यांचं सबमिशन असतं.

हा एक हंगामच आहे. कॅलेंडरवर छापलेला नसतो एवढंच. पाडवा होऊन जातो, बाजारात सुका जवळा आणि कोलंबीचे सोडे येतात, कळंबोलीच्या लोखंड बाजारातले पत्रे तापून वाऱ्याला गंजाचा वास येतो, आणि त्याच दिवसांत एम.ए.ची ही मुलं दारोदार फिरायला लागतात. सिनेमा कसा लिहायचा, रेडिओ-टीव्हीचे कार्यक्रम कसे करायचे, हे शिकवणारं एक कॉलेज आहे इथून जवळ. दोन वर्षं शिकून झाल्यावर प्रत्येकाने स्वतः लिहिलेली एक छोटी फिल्म करून द्यायची. नाही दिली तर पदवी नाही.

ह्या वर्षी दोन मुली माझ्या दारात आल्या होत्या.

"आजी, तुमचं घर शूटिंगला मिळेल का? आम्हाला जुनं घर हवंय. एकटं वाटेल असं."

मी म्हटलं, "घर जुनं नाय. मी जुनी हाय."

त्यांना हसावं की नाही ते कळलं नाही. तेवढ्यात वरून विमान गेलं. नव्या विमानतळाची विमानं आता आमच्या डोक्यावरून जातात. ते जाईपर्यंत आम्ही तिघी गप्प उभ्या राहिलो. मग एक दुसरीला म्हणाली, "इथे साउंड मिळणार नाही गं." आणि त्या गेल्या. पाणी विचारायचंही राहून गेलं.

दार लावून मी खुर्चीत बसले, आणि पूर्वी माझ्याकडे राहून गेलेल्या ऋतुजाचा एप्रिल आठवत राहिला.

माझ्या लहानपणी हे दिवस मिठाचे असायचे. माझं माहेर उरणच्या बाजूचं, खाडीला लागून. खाडीचं पाणी खणांत घ्यायचं, उन्हाने आटवायचं, वर आलेलं मीठ लांब दांड्याच्या फळीने ओढून बांधावर ढीग घालायचे. पायांना चिरा पडायच्या आणि त्या चिरांत मीठच जायचं. मी चौथीपर्यंत शिकले. पुढची शाळा खाडीच्या पलीकडे होती आणि मीठ अलीकडे. पाऊस यायच्या आत सगळं मीठ उचलून झाकलं गेलं पाहिजे, ह्यापलीकडे घरात कोणाला दुसरा विचार नसायचा. म्हणून ह्या मुलांची घाई मला समजते. त्यांची तारीख हा त्यांचा पाऊस.

ऋतुजा परभणीची, त्याच कॉलेजात शिकायला आलेली. माझ्याकडे दोन वर्षं राहिली. आमची जमीन शहरात गेली, तिच्या बदल्यात प्लॉट मिळाला, प्लॉटवर बिल्डरने इमारत बांधली आणि त्यातला एक फ्लॅट मला आला. दोन खोल्या, हॉल. नवरा वारला. मुलगा दिनेश खारघरला राहतो, रिक्षाने फार लांब नाही. दर रविवारी येतो, भाजी ठेवतो, गोळ्या बघतो, चहा उभ्यानेच पितो. वाईट नाही तो. त्याला त्याचं घर आहे. त्यानेच ही मुलगी आणली. म्हणाला, "आई, सोबत होईल." मी म्हटलं, "सोबत नको, भांडी घासणारी असली तर बघ."

भांडी तिने कधी नीट घासली नाहीत. कपाच्या कानात चहाची रेघ तशीच राहायची. पण घरात आवाज आला. ती लिहायची आणि लिहिलेलं मोठ्याने बोलून बघायची, दोन आवाजांत. एक बायकी, एक पुरुषी. शेजारच्या पाटीलबाईंनी मला जिन्यात धरून विचारलं, "म्हात्रेकाकू, तुमच्याकडे रोज भांडण कोण करतं हो?" मी सांगितलं, "एकटीच करते." मग कित्येक दिवस त्या माझ्याकडे चमत्कारिक नजरेने बघायच्या.

तिच्या विद्येतले दोन नियम माझ्या लक्षात राहिले. एक म्हणजे प्रत्येक माणसाला काहीतरी हवं असतं. ते काय हवंय हे कळल्याशिवाय सीन लिहायचा नाही. ती भेटेल त्याच्यावर हा नियम चालवून बघायची. एकदा मला विचारलं, "आजी, तुम्हाला काय हवंय?"

"गवार आण. आणि कोथिंबीर मिळाली तर."

"तसं नाही ओ आजी. आतून काय हवंय?"

"आतून कोथिंबीर."

ती डोक्याला हात लावून बसली. पण नंतर मी विचार केला. आजवर मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. शाळेत नाही, माहेरी नाही, लग्न ठरवताना तर नाहीच. विचारला असता तरी उत्तर तयार नसतं.

दुसरा नियम असा की जे दिसत नाही आणि ऐकू येत नाही, ते लिहायचं नाही. 'तिला फार एकटं वाटत होतं' असं सिनेमात लिहिता येत नाही. कॅमेऱ्याला वाटणं दिसत नाही. तिने असं एक वाक्य लिहिलं होतं, ते कॉलेजातल्या मॅडमनी लाल रेघ मारून खोडलं आणि बाजूला लिहिलं, 'ती काय करते?' हा नियम मला पटला. आमच्याकडे सगळे असेच जगले. काय वाटतं ते कोणी बोललं नाही, कामं केली. म्हणून हा लेखही मी शक्यतो तसाच लिहीत आहे, दिसलं आणि ऐकलं तेवढं. एकच गोष्ट दिसण्यातली नाही तरी सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला अंदाज बांधत बसायला नको. तिने जाऊ नये असं मला वाटत होतं.

तिच्या फिल्मची गोष्ट मला सांगायची गरज नव्हती. एक म्हातारी, तिच्याकडे भाड्याने राहणारी एक मुलगी. मुलगी येते, राहते, आणि शेवटी निघते तेव्हा म्हातारी तिला अडवते. म्हातारीचं नाव सुमन.

"ही सुमन म्हणजे मी काय गं?"

"नाही आजी. काल्पनिक आहे."

"काल्पनिक बाईला माझा चष्मा कशाला दिलास? दोरी बांधलेला?"

"बरं. दोरी काढते."

तिने दोरी काढली. चष्मा ठेवला.

पनवेलच्या एका नाटकवाल्या बाईंनी सुमनचं काम करायचं कबूल केलं होतं. त्या एकदा घर बघायला आल्या, पंखा बंद ठेवून बसायचं आहे असं ऐकलं, आणि दोन दिवसांनी त्यांचा फोन आला की त्यांना मालिकेत काम मिळालं. मिळालंही असेल. कॉलेजातून कॅमेरा मात्र चार दिवसांसाठीच मिळाला होता. मागे दुसऱ्या मुलांची रांग होती, तारीख पुढे सरकणार नव्हती. ऋतुजा माझ्या पलंगाच्या कडेला येऊन बसली. एरवी ती त्या खोलीत यायची नाही.

"आजी, तुम्ही करता का?"

"काय करू?"

"सुमन."

"मला नाय येत तसलं."

"तुम्हाला काहीच करायचं नाही. घरात असता तशाच असायचं."

"मग पैशे देऊन दुसरी कशाला बोलवत होतीस?"

तिने वर बघितलं. डोळे सुजलेले होते. रडली असणार, पण माझ्यासमोर नाही. मी म्हटलं, "बरं. पण रडणार नाय मी. आणि पदर डोक्यावर घेणार नाय. घरात कोण घेतंय."

पहिल्या दिवशी सकाळी पाचसहा मुलं घरात शिरली आणि घर त्यांचं झालं. आधी त्यांनी सगळ्या खोल्यांचे फोटो काढले, म्हणजे नंतर प्रत्येक वस्तू जागच्या जागी ठेवता येईल. नवऱ्याच्या फोटोच्या काचेत दिवा चमकत होता, म्हणून तो भिंतीकडे तोंड करून लावला. एका मुलीने भीत भीत विचारलं, "आजी, चालेल ना?" मी म्हटलं, "चालेल. जिवंत असताना पण माझ्याशी बोलणं झालं की असंच तोंड फिरवायचे." पंखे बंद झाले, कारण पंख्याचा आवाज येतो. खिडक्या बंद झाल्या, कारण हायवेवरचे ट्रक ऐकू येतात. मग फ्रिज.

आवाजाचं काम फरहीनकडे होतं. पनवेलचीच, बारीक चणीची, कानांवर मोठे डबे लावलेली. ती म्हणाली, "तोबा, आजी, तुमचा फ्रिज आहे की गिरणी?" फ्रिज बंद केला. संध्याकाळी सगळे गेले आणि चालू करायचं कोणाच्याच लक्षात राहिलं नाही. सकाळी दूध गेलं, कोलंबी गेली, आणि जो वास सुटला त्यात शूटिंग सुरू व्हायला उशीर झाला. मी काय बोलायचं ते बोलले. फरहीनने ऐकून घेतलं आणि तिच्या स्कूटीची चावी फ्रिजमध्ये अंड्यांच्या खणात ठेवली. म्हणाली, "आता रोज इथेच ठेवणार. चावी घेतल्याशिवाय घरी जाता येणार नाही, आणि चावी घ्यायला फ्रिज उघडावाच लागेल." तिच्या सीनियर मुलींनी हे शिकवलं होतं म्हणे, ही विसरली होती. पुढचे दिवस थंडगार चावी घेऊन ती घरी जायची.

पण मला सगळ्यात नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. मी आपली समजत होते की गोष्ट जशी आहे तशी पहिल्यापासून करतील. मुलगी बॅग घेऊन येईल, मग राहील, मग जाईल. ऋतुजाने सांगितलं, "आज शेवटचा सीन."

"शेवटचा आज? पहिला कधी?"

"पहिला शेवटच्या दिवशी. उद्यापासून ढगाळ सांगितलंय, दुपारचं ऊन हॉलमध्ये ह्या कोपऱ्यात फक्त आज नीट मिळणार आहे, आणि मुलीचं काम करणाऱ्या ईशाला उद्या परीक्षा आहे. ज्या दिवशी जे मिळतं ते करून घ्यायचं. नंतर जोडताना सरळ लावतात."

म्हणजे आधी निघायचं, मग यायचं. ईशा नावाची ती मुलगी मला त्याच सकाळी पहिल्यांदा भेटली होती. तिला साखर चालते की नाही हेही मला माहीत नव्हतं. आणि मी तिला म्हणायचं होतं, "जाऊ नकोस गं. तू गेलीस की हे घर खायला उठेल."

मी ऋतुजाला बाजूला घेतलं. "हे असं कोण बोलतं?"

"आजी, शेवटी तिनं बोललंच पाहिजे. पूर्ण फिल्मभर ती मनातलं काही बोलत नाही. मॅडम म्हणायल्यात, तिला काय हवंय ते एकदा तरी बाहेर आलं पाहिजे."

"घर खायला बियला नाय उठत. घर गप असतं. तोच तर त्रास आहे."

 मग कागद घेऊन ते वाक्य तिने खोडलं. "फक्त 'जाऊ नकोस' म्हणा. बाकी काही नको."

दोनच शब्द. पण ते तोंडातून निघेनात. पहिल्यांदा मी भाजीवाल्याला हाक मारल्यासारखी ओरडले. मग इतकं हळू म्हटलं की फरहीनने मान हलवली. मग ट्रकचा हॉर्न मध्ये आला. मग चांगलं झालं असं मला वाटलं, पण कॅमेऱ्यावरच्या मुलीचंच काहीतरी चुकलं. प्रत्येक वेळी ईशा बॅग उचलायची, दाराशी जायची, मी म्हणायचे जाऊ नकोस, ती वळायची, आणि ऋतुजा म्हणायची, "वन्स मोअर, आजी." बंद खोलीत घामाच्या धारा लागल्या होत्या. एक मुलगी टिपकागदाने माझं कपाळ पुसत होती, लहान मुलाचं पुसावं तसं. सगळ्या दुपारभर मी एका अनोळखी मुलीला जाऊ नकोस जाऊ नकोस म्हणत होते, आणि जी खरंच जाणार होती ती कॅमेऱ्याच्या मागे उभी राहून मला पुन्हा म्हणायला लावत होती.

शेवटी ऋतुजा माझ्याजवळ आली. बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "आजी, तिच्याकडं बघूच नका. तिच्या बॅगेची चेन अर्धी उघडी आहे. तुम्ही खाली बसून ती लावा. आणि लावता लावता म्हणा."

"जाऊ नको म्हणायचं आणि बॅग बंद करून द्यायची?"

"हो."

मी केलं. चेन अडकत होती. कापड आत ओढलं जात होतं, ते बोटाने सोडवून घ्यावं लागलं. त्यात लक्ष असताना ते दोन शब्द निघून गेले, माझ्या ध्यानातही आलं नाही. कोणी वन्स मोअर म्हटलं नाही. मी मान वर केली तर ऋतुजा भिंतीकडे तोंड करून उभी होती, नवऱ्याच्या फोटोसारखी. तशीच उभी राहून म्हणाली, "ओके."

चारही दिवस मी एकच लुगडं नेसले. रोज संध्याकाळी धुऊन वाळत घालायचं, सकाळी तेच. सुमनचं फिल्मभर एकच लुगडं ठरलं होतं, म्हणजे कुठलाही तुकडा कुठेही जोडता येईल. पाटीलबाईंनी तिसऱ्या दिवशी एक साडी आणून दिली. म्हणाल्या, "नवी नाही, पण चांगली आहे." मी त्यांना काही समजावलं नाही. साडी ठेवून घेतली. चांगली होती.

शेवटच्या दिवशी पहिला सीन झाला. ईशा दारात उभी, बॅग हातात. "आजी, येऊ का आत?" आणि मी म्हणते, "चपला बाहेर काढ." हे वाक्य एका झटक्यात बरोबर आलं. सगळ्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी फोटो बघून बघून घर लावलं. डबे, कॅलेंडर, नवऱ्याचा फोटो सरळ. फरहीन चावी घेऊन "खुदा हाफिज, आजी" म्हणून गेली. पंखा चालू केला. सगळ्या वस्तू जागच्या जागी होत्या. मी उगाचच त्या पुन्हा एकदा हलवून ठेवल्या.

पुढचे दिवस ऋतुजा जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून तुकडे जोडत बसली. मी लसूण सोलत बसायचे आणि ती मला मागेपुढे करायची. मी चालते, परत उलटी चालते. बसते, उठते. मागून आपण कसे दिसतो ते माणसाला माहीत नसतं. मी चांगलीच वाकलेय. कोणी सांगितलं नव्हतं. शेवटचा सीन तिने दाखवला तेव्हा मी बघितला. म्हातारी खाली बसून चेन लावते, बोलते. मुलगी उभी राहते, मग बॅग खाली ठेवते. संपलं.

"ती राहते का मग?"

"हो आजी. राहते."

"किती दिवस?"

"ते दाखवायचं नसतं."

ती पास झाली, चांगल्या मार्कांनी. तिला मुंबईत मालिकेच्या लेखकांच्या हाताखाली काम मिळालं, गोरेगावला. एका सकाळी चहा पिता पिता म्हणाली, "आजी, इथून रोज जाऊन येऊन जमंल का ओ?" मी तिच्याकडे बघितलं. तिने कपात बघितलं. मी म्हटलं, "नाय जमणार. जाण्यायेण्यात जीव जाईल. तिकडंच मैत्रिणींबरोबर खोली घे." ते खरं होतं. आजही मला ते बरोबरच वाटतं. तरणीताठी पोर, रोज चार तास प्रवासात घालवून इथे कशासाठी येईल? कपाच्या कानात रेघ ठेवण्यासाठी?

गेली तेव्हा मी तिला सोड्यांची पिशवी बांधून दिली, वास येऊ नये म्हणून तीन पिशव्यांत. ती दारात जरा जास्तच वेळ उभी राहिली. मी म्हटलं, "लिफ्ट आलीय." ती गेली.

नंतर दोन मुली राहून गेल्या. एक बँकेच्या परीक्षेची, दिवसभर कानांत मोबाइलची बोंडं घालून असायची. एक जेमतेम सहा महिने. त्यांनी भांडी स्वच्छ घासली. गेल्या पावसाळ्यापासून खोली रिकामी आहे. दिनेश म्हणतो, आता नको कोणी, तुझं वय झालं, उगाच जबाबदारी. खारघरला ये म्हणतो. त्याच्याकडे मी चार दिवस गेले की पाचव्या दिवशी सगळे माझ्याशी जपून बोलायला लागतात. मी परत येते.

टीव्हीवर ऋतुजाची मालिका रोज संध्याकाळी लागते. नाव शेवटी पळतं, माझ्याने वाचून होत नाही. पण त्यात एक सासू आहे, ती कोणी काही फार मनाचं बोललं की भाजी आणायला पाठवते. तेवढ्यावरून मला कळतं की आजचा भाग हिचा. फोनवर सांगितलं तर हसली. म्हणाली, "तुमची रॉयल्टी बाकी आहे."

त्या दोन मुली विमानाचा आवाज ऐकून परत गेल्या, त्याच्या पुढच्याच आठवड्यात ऋतुजाचा फोन आला. कॉलेजातून पदवीचं सर्टिफिकेट घ्यायचं इतके दिवस राहिलं होतं. "येऊ का आजी, एक रात्र?" मी म्हटलं, "ये." पाटीलबाईंना सांगितलं, दिनेशला सांगितलं, मासेवालीला सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं.

ती आली. केस कापलेले, चष्मा लागलेला, हातात सर्टिफिकेटचं पाकीट. तिच्या जुन्या खोलीत झोपली. सकाळी पोहे खाल्ले, फोनवर गाडी बोलावली, बॅग दाराशी नेली आणि बूट घालायला खाली बसली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. हातात काही काम नव्हतं. पोह्यांची भांडी सुद्धा तिनेच घासून टाकली होती, आणि कप मी उजेडात धरून बघितला तर रेघ कुठे राहिलेली नव्हती.

मी म्हटलं, "आजचा दिवस राहा."

तिने मान वर केली. एक बूट पायात, एक हातात.

"आजी, संध्याकाळपर्यंत एपिसोड पाठवायचाय. उद्या त्याचं शूटिंग आहे. सगळं युनिट थांबलंय माझ्यासाठी."

"माहीत हाय."

"मग?"

"मग काय नाय. बोलायचं होतं ते बोलले. तू जा."

तिचा फोन वाजला. गाडीवाला खाली आला होता. तिने हातातला बूट खाली ठेवून फोन उचलला. मग त्याला म्हणाली, "भैया, कॅन्सल कर दो, सॉरी." बूट काढला. टेबलावरचं तिखटमीठ बाजूला सारून लॅपटॉप उघडला. "इथंच लिहिते," म्हणाली. "दुपारी जाते. त्याच्या पुढं नाही जमणार आजी, खरंच."

"मी कुठं त्याच्या पुढचं म्हटलं."

मी भात दोघींचा लावला. सोडे भिजत घातले. ती लिहीत होती आणि पूर्वीसारखी दोन आवाजांत बोलून बघत होती, एक बायकी, एक पुरुषी. विमान आलं की थांबायची, गेलं की पुन्हा तिथूनच सुरू करायची. मध्येच विचारलं, "आजी, सून घर सोडून निघालीय. सासू काय करंल?"

मी विचार केला. "आधी विचारील, जेवून निघालीस का."

तिने ते लिहिलं की नाही ते मी बघितलं नाही.

फिल्ममध्ये मुलगी बॅग खाली ठेवते आणि तिथेच संपतं. इथे दुपार झाली. आम्ही जेवलो. तिने गाडी पुन्हा बोलावली, बूट पुन्हा घातले, ह्या वेळी दोन्ही. लिफ्टपर्यंत मी गेले. परत येऊन पातेलं बघितलं. भात बरोबर झाला होता, उरला नव्हता. संध्याकाळचा एकटीचा लावायला मी तांदळाचा डबा उघडला.